दीड फूट खडी

गल्लीत त्यांना सगळे दीडफूट म्हणायचे. नाव ऐकून नवा माणूस कोणी बुटका म्हातारा येईल म्हणून खाली बघायचा, आणि समोर सहा फुटांचा, ताठ, कपाळाला आठ्या घातलेला माणूस उभा. नाव उंचीवरून पडलेलं नव्हतं, तोंडामुळे पडलं होतं. मुकादमांनी चौतीस वर्षं रस्त्याची कामं करून घेतली होती. निवृत्त झाल्यावरही कुठे खड्डा दिसला की ते थांबायचे, काठीने त्यात ढोसायचे आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हॅ! याला रस्ता म्हणतात? आमच्या वेळी खाली दीड फूट खडी असायची. दीड फूट! मोजून घ्यायचो, मगच रोलर फिरायचा."

हे ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते. पण म्हाताऱ्याला त्याचं काय! त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, एक ते स्वतः आणि दुसरे बिनकामाचे. इंजिनिअर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. ठेकेदार म्हणजे चोर. आजचे मजूर म्हणजे कुदळ चमच्यासारखी धरणारे. आणि गल्लीतले शेजारी म्हणजे तर नुसता बाजार. समोरचे निवृत्त हेडमास्तर रस्त्याच्या कडेला झाडं हवीत म्हणून दर महिन्याला अर्ज करायचे आणि स्वतःच्या कुंडीतलं रोप मात्र वाळवून ठेवायचे. गाडीवाल्याला आपली मोटार उभी करायला जागा हवी होती, मग रस्ता असो नसो. शिंप्याला कशाशीच देणंघेणं नव्हतं, फक्त त्याच्या दारापुढचं पाणी शेजारच्या दारापुढे जायला हवं होतं.

त्या पाण्याचंच सगळं रामायण होतं. गल्लीचा सुरुवातीचा भाग बरा होता, पण शिंप्याच्या घरापाशी रस्ता असा बसला होता की तिथे बाराही महिने डबकं. वरून दर दोन वर्षांनी डांबर फासायचे, सहा महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अकरा महिन्यांपूर्वी मुकादमांची बायको त्याच ठिकाणी पडली. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि तेव्हापासून ती वॉकर धरून स्वयंपाकघर ते खिडकी एवढंच चालत होती.

तिला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. देवाला नाही, बाजाराला नाही. तिची धाकटी बहीण याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या घरात राहायची. अडीचशे पावलं. एकतीस वर्षं दोघी बहिणी दुपारच्या चहाला एकमेकींकडे असायच्या. आता धाकटीची उजवी बाजू लुळी पडलेली, ती खाटेवरून उठत नव्हती, आणि थोरली डबकं ओलांडू शकत नव्हती. मुकादमांनी एकदा तिला चाकाच्या खुर्चीत बसवून न्यायचा प्रयत्न केला. शिंप्याच्या दारापाशी पुढची चाकं रुतली, खुर्ची कलली, आणि चार लोकांनी धावत येऊन तिला पोत्यासारखं उचलून परत आणलं. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली आणि म्हणाली, "पुन्हा नाही हं. रस्ता होईल तेव्हाच न्या." तेव्हापासून दोघी फोनवर बोलायच्या. धाकटीची जीभही आता अडखळायला लागली होती, त्यामुळे फोनवर अर्ध्या वेळी नुसतंच ऐकू यायचं की पलीकडे कोणीतरी आहे.

आणि अशा वेळी रस्ते नव्याने बांधायचं निघालं.

नुसतं डांबर फासणं नव्हे. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या तळापासून खोदून, पाइपांसकट नव्या करायच्या. नगरपालिकेच्या ऑफिसने त्यासाठी कर्ज काढलं. गल्ल्या अकरा आणि पैसा पाचांपुरता. मग ठरलं की प्रत्येक गल्लीला शंभरपैकी गुण द्यायचे, आणि ज्या पाच गल्ल्यांना सगळ्यात कमी मिळतील त्यांचा नंबर आधी. यादी लागली त्या दिवशी मुकादम स्वतः जाऊन बघून आले. त्यांची गल्ली सातवी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उर्वरित रस्ते दुसऱ्या टप्प्यात, निधी उपलब्ध झाल्यास.' या वाक्याचा अर्थ काय तो जन्मभर सरकारी नोकरी केलेल्याला कोणी सांगायला नको. त्याचा अर्थ, विसरा.

"सातवी!" ते घरात येऊन गरजले. "गाढवं भरलीयेत सगळी. पाच नंबरवर कुठली गल्ली आहे माहितीये? ती बँकेमागची! तिथे खड्डा दाखव मला एक. नगरसेवकाची सासुरवाडी आहे तिथे, दुसरं काय!"

"अहो, हरकत घ्या ना मग," बायको म्हणाली. "तुमच्या ओळखीची माणसं आहेत ऑफिसात."

"ओळखीची सगळी मेली. आता आहेत ती टॅबलेटवर बोटं फिरवणारी पोरं."

तरीही त्यांनी हरकत घेतली. चांगली चार पानी, त्यातली तीन पानं आमच्या वेळी कसं होतं याची. आणि तीन दिवसांनी खरोखरच एक इंजिनिअर मुलगी घरी आली, हातात टॅबलेट, पायात पांढरे बूट.

"पांढरे बूट," मुकादम म्हणाले. "रस्त्याच्या कामाला."

"धुता येतात, काका," ती हसून म्हणाली आणि खुर्चीवर बसली. मुकादमांनी ठरवलंच होतं की हिला पाच मिनिटांत रडवायचं. पण मुलगी कामाची निघाली, हीच पंचाईत झाली. तिने डबकं पाहिलं होतं, त्याचे फोटो काढले होते, घरातल्या बाईचं पडणंही तिला ठाऊक होतं.

"वरच्या पृष्ठभागासाठी तुमच्या गल्लीला अकरा गल्ल्यांत सगळ्यात कमी गुण आहेत," ती म्हणाली. "म्हणजे त्या हिशेबाने पहिला नंबर तुमचा. पण निम्मे गुण पायाचे, म्हणजे खालच्या खडीचे असतात. पाया चांगला असेल तर वरचं काम थोडक्यात भागतं, म्हणून तो रस्ता मागे जातो. आणि तुमचा पाया सगळ्यात भारी आहे." तिने टॅबलेट वळवून त्यांच्यासमोर धरला. "बघा. जुन्या मोजमापाच्या वहीचं पान. खडीची जाडी दीड फूट, पूर्ण लांबी. मोजणाऱ्याची सही तुमची. ऑफिसात सगळे म्हणतात, असं काम आता होत नाही."

पिवळं पडलेलं पान होतं. खाली सही, लांब शेपटीची. मुकादमांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खणून नाही का पाहत तुम्ही?" त्यांनी विचारलं, आणि आपला आवाज एवढा खाली का गेला ते त्यांनाच कळेना.

"पाहिलं ना. प्रत्येक गल्लीच्या सुरुवातीला एक चाचणी खड्डा घेतो. तुमच्या गल्लीत बरोबर दीड फूट निघाली. वही आणि खड्डा जुळले की दुसरा खड्डा घेत नाहीत." तिने जरा थांबून म्हटलं, "वहीतली नोंद चूक आहे असं कोणी सुनावणीत लेखी दिलं तरच दुसरा घेता येतो. पण तसं कोण देणार? तुमचीच तर नोंद आहे." चहा पिऊन, बायकोची चौकशी करून ती निघून गेली. दारातून बायको तिला म्हणाली, "पोरी, जरा बघ हं आमचं." मुलगी म्हणाली, "माझ्या हातात असतं तर, काकू..."

आता खरं सांगायचं तर खाई त्याला खवखवे. गल्लीच्या सुरुवातीला दीड फूट होतीच. दोन तृतीयांश लांबीपर्यंत होती. मुकादमांनी उन्हात उभं राहून, इंचन् इंच मोजून घेतली होती, आणि त्या कामाचा त्यांना आजही अभिमान होता. पण पुढे?

पुढे लग्न होतं, एकतीस वर्षांपूर्वीचं. आईबाप नसलेली धाकटी मेहुणी त्यांच्याच घरी वाढलेली, आणि तिला गल्लीतल्याच शेवटच्या घरात दिलेली. लग्नाला आठ दिवस राहिले आणि गल्ली अजून खोदलेली, चिखलाने भरलेली. बायकोने घर डोक्यावर घेतलं. "माझी बहीण अडीचशे पावलं चिखल तुडवत सासरी जाणार का? जन्मभर टोमणे खाईल ती!" इकडे खाणीतून खडी येईना. मोठ्या साहेबांनाही उद्घाटनाची घाई. साहेब म्हणाले, "जेवढी आहे तेवढी पसर आणि वरून डांबर टाक. वहीत एकसारखं लिहून टाक, कोण खणायला येतंय?" मुकादमांनी पसरली. शेवटच्या भागात सात इंच. लिहिलं दीड फूट. लग्नाच्या दिवशी रस्ता काळाभोर, चकचकीत. नवरी चपलेला डाग न लागता सासरी गेली, आणि बायकोने सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या ह्यांनी केला रस्ता."

नंतर कधीतरी, केव्हा ते त्यांनाही आठवत नव्हतं, मुकादमांनी दीड फुटाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आणि सांगता सांगता ती पूर्ण लांबीची झाली.

साहेब मेला होता, ठेकेदार मेला होता. पेन्शन कोणी काढून घेणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त नाव, आणि ते नावही काय, तर दीडफूट! पण माणसाजवळ या वयात दुसरं असतं तरी काय?

"मग? काय म्हणाली ती?" मुलगी गेल्यावर बायकोने विचारलं.

"काही होत नाही म्हणाली. नियम आहेत."

बायकोने फोन उचलला, बहिणीचा नंबर लावला आणि म्हणाली, "नाही गं. आपला नंबर नाही लागला." पलीकडून एक आवाज आला, त्याला शब्द म्हणता आलं नसतं. बायको फोन कानाला धरून तशीच बसली. मुकादम उठून संडासात गेले आणि कडी लावून उगीच उभे राहिले. आपल्याला आपलीच लाज वाटतेय हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळत होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठमोठी ढुंगणं कशीबशी टेकवून सगळी वस्ती बसली होती. समोर मोठे इंजिनिअर, त्यांच्या शेजारी नगरसेवक, कडेला ती पांढऱ्या बुटांची मुलगी. भिंतीवर नकाशा. प्रत्येकाला चिकटवायला रंगीत टिकल्या दिल्या होत्या, लाल म्हणजे खड्डा, हिरवी म्हणजे झाड. हेडमास्तरांनी पंधरा हिरव्या टिकल्या चिकटवल्या. गाडीवाला अर्धा तास बोलला. शिंप्याने विचारलं, रस्ता उंच केला तर पाणी नक्की कोणाकडे जाईल? बँकेमागच्या गल्लीतल्या एका बाईंनी नवे दिवे कोणत्या डिझाइनचे असतील ते विचारलं, आणि त्यावर चर्चा झाली. चर्चा! मुकादम मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते आणि त्यांच्या तोंडाला नुसता फेस यायचा बाकी होता.

"आता शेवटची हरकत," मोठे इंजिनिअर म्हणाले. "आपले जुने मुकादम. बोला, दीड फूट आहे ना?"

हॉल हसला. मुकादम उठले. सवयीने तोंड उघडलं, सवयीने म्हणायला गेले, "आमच्या वेळी..." आणि तिथेच घोडं अडलं.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"दीड फूट नाही. शेवटच्या भागात नाही. शिंप्याच्या घरापासून पुढे सात इंच आहे."

हॉल आणखी मोठ्याने हसला. शिंपी ओरडला, "अरे, आपले दीडफूट आता सात इंच झाले की!" गाडीवाला म्हणाला, नंबर लागावा म्हणून म्हातारा काहीही बोलतोय.

मोठे इंजिनिअर समजूत घालावी तसं म्हणाले, "मुकादम, वहीत स्पष्ट नोंद आहे. नोंदीवर शंका घ्यायला काही आधार?"

"आधार? मीच लिहिलीय ना ती!"

"तेच म्हणतोय मी. खाली तुमची सही आहे. म्हणजे नोंद बरोबर आहे."

मुकादमांचं डोकं फिरलं. "अहो, काय माणसं आहात!" त्यांनी काठी बाकावर आपटली. "मी खोटं लिहिलं, असं सांगतोय तुम्हाला! साहेबाने सांगितलं, मी लिहिलं. मी चोर, कबूल. पण तुम्ही? तिथे तीस वर्षं डबकं आहे. दर दोन वर्षांनी वरून डांबर थापता आणि खाली का बसतंय हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही? माझी बायको पडली तिथे. माझ्या खोट्या वहीवर विश्वास, आणि समोरच्या पाण्यावर नाही? चोर पकडायची तरी लायकी ठेवा!"

आता मात्र कोणी हसलं नाही. हेडमास्तर आपल्या हिरव्या टिकल्यांकडे बघत राहिले. मोठे इंजिनिअर म्हणाले, "लेखी द्यावं लागेल." पांढऱ्या बुटांची मुलगी कागद आणि पेन घेऊन मागच्या बाकापर्यंत चालत आली. मुकादमांनी लिहिलं, 'शेवटच्या भागात खडी फक्त सात इंच टाकली आहे. वहीतली नोंद मी खोटी केली.' खाली सही केली, लांब शेपटीची.

चौथ्या दिवशी सकाळी शिंप्याच्या दारापुढे चाचणी खड्डा घ्यायला दोन मजूर आले. सगळी गल्ली बघायला. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? सुनावणीपासून कोणी मुकादमांशी धड बोललं नव्हतं, पण आज सगळे त्यांच्या पाठीशी येऊन उभे राहिले, कारण रस्ता मिळायची आशा होती. कालपर्यंत गाडीवाला त्यांना चोर म्हणत हिंडत होता, आज म्हणाला, "काका, हिंमत लागते हो." मुकादमांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांची बायको वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, डबक्याच्या कडेपर्यंत आली होती. शेजारणीने तिला खुर्ची आणून दिली.

"कुदळ अशी धरतात?" मुकादम मजुरावर खेकसले. "पाय मागे घे. हां."

डांबर निघालं. डांबराखाली डांबर, त्याखाली आणखी एक थर. मग खडी लागली. मग मजुराच्या कुदळीचा आवाज बदलला. मऊ, ओला, मातीचा. मुकादमांनी तो आवाज ओळखला.

मुलगी खड्ड्यात उतरली, पांढऱ्या बुटांसकट. खडीच्या थराला टेप लावली, वाकून पाहिलं आणि पुन्हा लावली.

"साडेचार," ती म्हणाली.

"टेप तिरकी धरलीस," मुकादम म्हणाले. "सात आहे."

"काका, साडेचार आहे."

"आण इकडे."

काठी टाकून, शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवून ते चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे वाकवत कडेला बसले. खिशातला चष्मा घालून स्वतः टेप धरली. वरचा काठ, खालचा काठ. सरळ होती. साडेचार. त्यांनी जरा बाजूला लावून पाहिली. तिथे चार. एवढा मोठा कबुलीजबाब दिला, भर हॉलमध्ये, छाती पुढे काढून, आणि त्यातसुद्धा अडीच इंच वाढवून सांगितलेले! सात हा आकडा कुठून आला होता? कोणी मोजला होता? त्या दिवशी कोणीच काही मोजलं नव्हतं.

"किती निघाली?" मागून बायकोने विचारलं.

मुकादमच म्हणाले, "साडेचार."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "त्या दिवशी खडीचे दोनच ट्रक आले होते. मी खिडकीतच होते ना."

मुकादमांनी चष्मा काढला आणि बसल्या जागेवरून मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग एकतीस वर्षं मी दीड फूट, दीड फूट करत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही कोणाला बोलू देता?" ती म्हणाली. "आणि मला बहिणीच्या लग्नाची घाई होती. तुम्हाला कसली होती? नोकरी तुमची होती. मला तरी वाटायचं, लग्न आटोपलं की खणून नीट कराल." ती ओरडली नाही. भाजीवाल्याने खराब भाजी दिली की जसं बघायची तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग फोन काढला. "धाकटे, मी बोलतेय. रस्ता होणार गं. हो, हो. चोरी सापडली म्हणून होणार. तू फक्त थांब हं. ऐकतेस ना? मी चालत येणार आहे, तू थांब."

मुलगी खड्ड्यातून वर आली. बूट चिखलाने माखलेले. "हे मोजमाप गेलं की गल्ली तिसऱ्या नंबरवर येते," ती म्हणाली. "काम पुढच्या वर्षी सुरू होईल. काका, साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल." तिने कागद पुढे केला.

पुढचं वर्ष. मुकादमांनी गल्लीच्या टोकाकडे, शेवटच्या घराकडे पाहिलं. त्याची खिडकी बंद होती. त्यांनी पेन घेतलं आणि सवयीने थेट खाली, सहीच्या जागेवर टेकवलं.

"अहो," बायको म्हणाली, "चष्मा घाला. आधी आकडा वाचा."